आईची सही

जुन्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी कधी कधी 'अ.पा.क. आई' अशी अक्षरे आढळतात. अज्ञान पालनकर्ता आई. बाप गेला, मुले लहान, म्हणून वारसनोंद करताना तलाठ्याने मुलांची नावे चढवली आणि पालक म्हणून आईला लावले. आमच्यापैकी ज्यांच्या घरी चार-दोन एकर होते, त्यांना ही अक्षरे ओळखीची आहेत. पुढे एखाद्या दुष्काळात, एखाद्या लग्नात किंवा सावकाराच्या तगाद्याला कंटाळून त्या आईने मुलांच्या वतीने अंगठा उठवला आणि जमीन गेली, हेही ओळखीचेच. मुसलमान घरात त्या अंगठ्याने मुलांचा हिस्सा विकलाच जात नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मुलगा मोठा होऊन कोर्टाची पायरी चढतो, तेव्हा ते घरादाराला कळते.

याची मुळे आपल्या वारसा कायद्यात आहेत. आपल्याकडे कायद्याने एकत्र कुटुंब नाही आणि कर्ताही नाही. माणूस डोळे मिटतो त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो आणि तो त्याचा एकट्याचा होतो. सर सय्यद यांचे चिरंजीव न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी 1885 मध्ये अलाहाबादच्या पूर्णपीठापुढील जाफरी बेगम खटल्यात हे फार विस्ताराने मांडले आहे. मयताच्या कर्जापायी ताब्यातल्या वारसांवर हुकूमनामा झाला आणि जमीन लिलावात गेली. दाव्यात ज्याला सामीलच केले नव्हते, असा एक वारस आपला हिस्सा मागत आला. तुझा हिस्सा गेलेला नाही, पण कर्जाचा तुझ्या वाट्याचा भार मात्र तू उचल, असा निवाडा झाला. आम्हांला तो आजही न्याय्य वाटतो.

पण जाफरी बेगम खटल्यातला वारस स्वतः भांडू शकत होता. अज्ञान मुलाचे काय?

या प्रश्नाचा निकाल 1918 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात लागला. इस्माईल अली खान नावाचे जमीनदार मागे विधवा आणि मुले ठेवून वारले. त्यांपैकी जोहरा या विधवेने आपला हिस्सा आणि आपल्या दोन अज्ञान मुलांचा हिस्सा दहा हजार रुपयांना विकला. बाकीच्या विधवा विरोधात उभ्या राहिल्या. जोहराचे लग्नच त्यांना मान्य नव्हते. खरेदीदाराचे नाव मुत्सद्दी, विधवांपैकी एकीचे इमामबांदी, म्हणून खटला 'इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी' म्हणून ओळखला जातो. निकाल लिहिला सय्यद अमीर अली यांनी. 1909 मध्ये त्या न्यायमंडळावर नेमले गेलेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

अमीर अलींनी फिकहच्या ग्रंथांचा आधार घेऊन सांगितले की अज्ञानाच्या मिळकतीचा वली म्हणजे बाप, बापाने मृत्युपत्राने नेमलेला माणूस, मग आजा आणि आज्याने नेमलेला माणूस. यांपैकी कोणी नसेल तर पालक नेमण्याचा अधिकार काजीचा, म्हणजे आता कोर्टाचा. आईला हिजानतचा, म्हणजे मूल जवळ ठेवून वाढवण्याचा हक्क आहे. मिळकतीवर तिचा अधिकार एखाद्या परक्या माणसाहून जास्त नाही. अन्नवस्त्राच्या निकडीपायी ती मुलाच्या जंगम वस्तू विकू शकते, जमीन नाही. परिणाम असा की खरेदीदाराच्या पदरात फक्त जोहराचा स्वतःचा हिस्सा पडला. मुले असलेल्या विधवेला एक अष्टमांश मिळतो, आणि विधवा एकीहून अधिक असतील तर तेवढ्यातच वाटण्या होतात. खरे मोल होते मुलांच्या हिश्शाला, आणि तोच त्याला मिळाला नाही.

त्याआधी हिंदुस्थानातल्या न्यायालयांत एकमत नव्हते. मुलाच्या हिताचा व्यवहार असेल तर तो टिकवावा, असे म्हणणारे न्यायाधीश होते. 1912 मध्ये थोरल्या भावाने केलेल्या विक्रीच्या खटल्यात खुद्द प्रिव्ही कौन्सिलाने हा मुद्दा मोकळा सोडला होता. अमीर अलींनी ती वाट बंद केली. यात त्यांची दृष्टी आम्हांला समजते. यतीमांचे धन गिळू नका, असे सूरह निसात बजावले आहे, आणि गिळणारे बहुधा घरचेच असतात. हा नियम चुलत्यांना आणि थोरल्या भावांनाही तितकाच लागू आहे. 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अज्ञान भावाच्या वतीने थोरल्याने सही केलेला कौटुंबिक तडजोडीचा लेख याच आधारावर निकामी ठरवला. चुलत्याला रोखणारी वेस आईलाही रोखते, हेच यातले दुखणे आहे.

शेजारच्या हिंदू घरातील विधवा आई 1956 च्या कायद्याने मुलांची नैसर्गिक पालक ठरते. तिने कोर्टाची परवानगी न घेता जमीन विकली, तरी तो व्यवहार आपोआप पडत नाही. मुलाने सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत हरकत घेतली नाही तर तो टिकतो. आमच्या घरचा व्यवहार मात्र मुळातच शून्य. सातबाऱ्यावर दोघींच्या पुढे अक्षरे एकच. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे समतेचा मुद्दा मांडला गेला, कुराणात आईला मनाई कुठे आहे असेही विचारले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी आपले हात बांधलेले आहेत, असे उत्तर मिळाले.

रस्ता आहे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली आई जिल्हा न्यायालयाकडून स्वतःची नेमणूक करून घेऊ शकते आणि विक्रीपूर्वी कोर्टाची परवानगी मागू शकते. पण त्यासाठी तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जावे लागते, वकील द्यावा लागतो, तारखा पाहाव्या लागतात. घरात दाणा नसताना, इद्दतीतून नुकत्याच बाहेर आलेल्या बाईला हे सुचवणारा तरी कोण असतो? खरेदी घेणाऱ्याला घाई असते. खरेदीखत नोंदले जाते, फेरफार मंजूर होतो, आणि आपले काम पक्के झाले असे सगळ्यांना वाटते. खरेदीदारही पुष्कळदा लहान शेतकरीच असतो. त्याने पैसे मोजलेले असतात, विहीर पाडलेली असते.

मग एक दिवस मुलगा दावा लावतो. जमिनीचा भाव वाढलेला असतो, म्हणून लावतो असे लोक म्हणतात, आणि काही वेळा ते खरेही असते. दाव्यात त्याला सिद्ध करायचे असते ते एवढेच, की ज्या बाईने त्या पैशांतून त्याला वाढवले तिला त्याच्या जमिनीबाबत काही अधिकार नव्हता. आई हयात असेल तर तिलाही प्रतिवादी करतात. समन्स घेऊन बेलीफ घरी येतो, आणि ती सही कुठे करायची ते मुलालाच विचारते.