‘सी’ ड्राइव्हच्या शेजारचे निनावी विभाग : डिस्क-विभाजनाचा इतिहास

१/ नव्या लॅपटॉपच्या डिस्कवर ‘सी’ ड्राइव्हखेरीज दोन-तीन निनावी पार्टिशन आढळतात. त्यांचे मूळ १९८३ सालात आहे.

२/ त्या वर्षी आयबीएमचा ‘पीसी एक्सटी’ १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आला. एकाच डिस्कवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात, म्हणून डॉस २.० ने विभाजनाची सोय दिली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ६४ बाइट विभागांच्या नोंदींसाठी राखले गेले. प्रत्येक नोंद १६ बाइटांची. म्हणून मुख्य विभाग चारच!

३/ नोंदीतील ३२ बिटांच्या आकड्यामुळे ही रचना सुमारे २ टेराबाइटपुढे पोहोचत नसे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलने हाती घेतलेल्या ईएफआयमधून ‘जीपीटी’ रचना पुढे आली. तीत विंडोज १२८ विभागांपर्यंत मुभा देते.

४/ आजचे छोटे विभाग याच परंपरेतील : एक यंत्र सुरू करणारा, एक रिकव्हरीचा. सर्व विभाग पुसून विंडोज नव्याने बसवल्यास इन्स्टॉलर आवश्यक विभाग पुन्हा निर्माण करतो. मात्र कंपनीने दिलेला रिकव्हरी विभाग आणि त्याच डिस्कवरील ‘डी’ ड्राइव्हमधील फाइली परत येत नाहीत.

५/ म्हणून क्रम महत्त्वाचा : प्रथम बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, नंतर इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह, आणि सर्वांत शेवटी पुसणे.