हजार बिड्यांमागे पाच रुपये

मेडिक्लेमचं कार्ड आपल्याला जॉइनिंग किटमध्येच मिळतं, त्यामुळे त्याला काही इतिहास असेल असं वाटत नाही. भंडारा जिल्ह्यात (१९९९पर्यंत गोंदियाही त्यातच) आरोग्य विम्याचं एक जुनं व्हर्जन होतं. फक्त त्याला विमा म्हणत नसत.

हा बिडीचा मुलूख. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू. बायका घरीच ओसरीवर बसून बिड्या वळायच्या. १९४८चा ईएसआय कायदा मुळात कारखान्यांसाठी, आणि ओसरीला कारखाना कोण म्हणणार? ठेकेदार पत्ता द्यायचा, तयार बिड्या न्यायचा. मालक कोण विचारलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवणार!

१९७६ साली संसदेने यावर झकास तोड काढली. बाई कुणाची कामगार, हा वादच बाजूला ठेवला आणि उपकर थेट बिडीच्या तंबाखूवर लावला. पुढे तो तयार बिड्यांवर आला आणि हजारामागे पाच रुपये झाला. त्यातून बिडी कामगार कल्याण निधी, आणि निधीतून दवाखाने, औषधं, टीबीच्या उपचाराला मदत. बाईला हप्ता नाही, क्लेम फॉर्म नाही. ओळखपत्र मात्र हवं, आणि बऱ्याच जणी तिथेच अडकायच्या.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि हा उपकर गेला. योजना राहिल्या, पण हक्काची पेटी गेली. पैसा आता अर्थसंकल्पातून.

दरम्यान दुसरा रस्ता तयार होत होता. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. भंडाऱ्याचा नंबर नोव्हेंबर २०१३मध्ये लागला. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच. २०१७मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि १ जुलै २०२४पासून ती सर्वांसाठी, पाच लाखांपर्यंत. शस्त्रक्रियांचे दर आधीच ठरलेले, त्यामुळे बिल फुगवायला वाव कमी. हे काम मोठं आहे, यात वादच नाही.

पण हा विमा अॅडमिट होणाऱ्याचा. वाकून धरलेली पाठ आणि तंबाखूच्या धुळीचा खोकला यासाठी कोण अॅडमिट होतं? (आपल्या ग्रुप पॉलिसीतही ओपीडी बहुधा नसतेच, पण आपल्याला दिवसाची मजुरी बुडवावी लागत नाही.) सरकारी दवाखान्यात ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत, मात्र तिथवर जायचं म्हणजे त्या दिवशीच्या बिड्या गेल्या.

जीएसटी आला तेव्हा बिडीवर २८ टक्के कर बसलाच होता. माझ्या मते त्यातला एक छोटा तुकडा तेव्हाच या दवाखान्यांच्या नावाने बांधून द्यायला हवा होता.