चौदा वर्षांचे मोल

नरकासुराच्या वधाची आठवण म्हणून आपण नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करतो. त्या कथेचा उत्तरार्ध मात्र सहसा विसरला जातो. श्रीकृष्णाने सोळा सहस्र बंदिवान स्त्रियांना मुक्त केले आणि पुढे त्यांना घर व मानही दिला. नुसती सुटका म्हणजे अर्धाच न्याय, हे पुराणकारांना ठाऊक होते. आपल्या राज्ययंत्राला ते उमगायला फार काळ लागला.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच मोडत होता; इकडच्या माणसाचे उच्च न्यायालय म्हणजे नागपूरचे खंडपीठ. ‘मिसा’खाली डांबलेल्यांना दाद मागता येते, असे ज्या नऊ उच्च न्यायालयांनी ठरवले, त्यांत हे खंडपीठही होते. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दार लावून टाकले. पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी विरोध नोंदवला. बहुमतात आपले मराठी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते.

पुढे तेच सरन्यायाधीश झाले आणि त्यांच्यासमोर बिहारच्या रुदुल शाहचे प्रकरण आले. ३ जून १९६८ रोजी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले होते; तुरुंगाने सोडले ते १६ ऑक्टोबर १९८२ रोजी! १ ऑगस्ट १९८३ रोजी चंद्रचूडांनी निकाल दिला : आधीच्या ५,००० रुपयांखेरीज सरकारने आणखी ३०,००० रुपये द्यावेत, आणि अधिक भरपाईसाठी दावा लावण्यास तो मोकळा राहील. मूलभूत हक्क मोडला तर सरकारने पैसे मोजावेत, ही वाट तेथून रुळली. हिशेब केला तर दिवसाला सात रुपयेही भरत नाहीत; पण आकड्यापेक्षा त्यामागची कबुली मोठी होती.

१९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी चुकीचा ठरवला. तसे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचेच चिरंजीव.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आणीबाणीतील बंदिवानांना मानधन देऊ केले. २०२० मध्ये ते थांबले, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. सरकार पालटले की जे पालटते, त्याला मेहेरबानी म्हणावे, हक्क नव्हे. आणि भरपाई मिळाली तरी ती जाते खजिन्यातून, म्हणजे तुमच्याआमच्या खिशातून. कुलूप लावणाऱ्या हाताला तिची झळ क्वचितच लागते. ती लागू लागेल, तेव्हाच कुलूप लावण्यापूर्वी तो हात थोडा थांबेल.