मामाल आहारातील आज्ञापत्र

कामशेत, वडिवळे, कार्ले हा जो मुलूख आपण मावळ म्हणून ओळखतो, त्याचे नाव कार्ल्याच्या लेण्यात 'मामाल' असे कोरलेले आहे. 'आहार' म्हणजे जिल्हा. तेव्हा 'मामालाहार' हा सातवाहनांच्या राज्यातील एक जिल्हा होता. ज्या लेखात हा शब्द येतो तो एका राजाने आपल्या येथील अमात्याला धाडलेला हुकूम आहे. लेखाचा आरंभीचा भाग झिजल्यामुळे राजाचे नाव वाचता येत नाही, तथापि तो गौतमीपुत्र सातकर्णी होय असे बहुतेक अभ्यासक मानतात. सातवाहन कुळातील या सर्वांत नामांकित राजाची कारकीर्द पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवावी की दुसऱ्याच्या पूर्वार्धात, यावर विद्वानांत मतैक्य नाही. प्रेषितांची पहिली पिढी रोमन साम्राज्यात हिंडत होती, त्या काळाच्या आसपास किंवा थोडे नंतर, एवढे लक्षात ठेवले तरी आपल्याला पुरे.

त्याच्या आधी हा प्रदेश क्षहरात वंशातील क्षत्रप नहपानाच्या ताब्यात होता. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या सागरी मार्गांचे जे टिपण लिहिले, त्यात भडोचच्या बाजूला राज्य करणाऱ्या राजाचे नाव येते. तो नहपानच असावा. त्याच टिपणात असेही आहे की, कल्याण बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. घाटाखालचा व्यापार अशा रीतीने अडवलेला, आणि घाटावरच्या वाटा नहपानाच्या हाती. झगडा नुसत्या मानपानाचा नव्हता, हे यावरून कळते.

नहपानाचा जावई उषवदात हा मोठा दानशूर. तीन लक्ष गाई, देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे, अशी त्याच्या दानांची यादी कार्ल्याच्या चैत्यगृहावर कोरलेली आहे. यादीच्या शेवटी, वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या वर्षावासातील निर्वाहासाठी त्याने 'करजिक' हे गाव दिल्याचे म्हटले आहे. वलूरक म्हणजे कार्ल्याचाच डोंगर. (करजिक हे नाव वाचताच नाणे मावळातील माणसाला करंजगाव आठवल्यावाचून राहणार नाही, पण केवळ नावाच्या साम्यावर फार मोठी इमारत उभारू नये.)

पुढे गौतमीपुत्राने क्षहरातांचा समूळ उच्छेद केला. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडला. चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा तो साठा, सारी नाणी नहपानाची. आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. जुन्या राजाचा चेहरा नव्या चिन्हांखाली अर्धवट दिसत राहतो. नाणी वितळवून नवी पाडण्याचा खटाटोप न करता बाजारात कोणाची सत्ता आहे ते सांगण्याची ही रोकठोक रीत होती.

मग जिंकलेल्या शत्रूच्या जावयाने दिलेल्या गावाचे काय झाले? कार्ल्याचा हुकूम याच प्रश्नाचे उत्तर आहे. मामाल आहारात उत्तर मार्गावर असलेले 'करजक' गाव वलूरकाच्या भिक्षूंना भिक्षुशेत म्हणून दिले आहे. तेथे राजपुरुषांनी प्रवेश करू नये, कोणी त्याला हात लावू नये, मिठासाठी जमीन खणू नये. उषवदाताचे नाव या हुकुमात नाही. नाण्यांवर जसा नवा ठसा, तसाच दानावरही. परंतु भिक्षूंच्या ताटातले अन्न मात्र राजा बदलला म्हणून काढून घेतले गेले नाही. शत्रूचे ते सारे पुसून टाकण्याची हौस विजेत्यांना सर्व काळी असते, म्हणून ही गोष्ट मला लढाईपेक्षा मोलाची वाटते.

नाशिकच्या लेण्यांतही असाच प्रकार दिसतो. राज्याच्या १८ व्या वर्षी, वैजयंतीच्या विजयी छावणीतून, राजाने गोवर्धनच्या अमात्याला लिहिले की, अपर कखडी गावातील जे शेत आजवर उषवदाताकडे होते, ते २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, त्याच संदर्भात दुसरे पत्र गेले. या वेळी राजासोबत त्याच्या आईचाही उल्लेख आहे. पत्राचा मजकूर असा की, कखडीचे ते शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत.

गाव ओसाड का पडले, तेथील कुळे कोठे गेली, याविषयी पत्रात अक्षर नाही. मला तर त्यात युद्धाची पायधूळ दिसते. राजा वारल्यावर त्याची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी, नाशिकच्या लेणे क्रमांक ३ मध्ये मुलाची जी प्रशस्ती कोरविली तिच्यात तो शक, यवन व पह्लवांचा संहारक आहे, धर्माने ठरविलेलाच कर घेणारा आहे, प्रजेचे सुखदुःख आपले मानणारा आहे. पुत्र गमावलेल्या वृद्ध मातेचे ते शब्द आहेत, ते ऐकून घ्यावेत. परंतु पडीक कखडीच्या पत्रातही राजमाता म्हणून तिचाच उल्लेख आहे, आणि त्या कारकिर्दीची पारख करताना मी प्रशस्तीआधी ते पत्र वाचीन. गाव पडले हे दरबाराने लपविले नाही, आणि भिक्षूंना पर्यायी जमीन दिली, निम्मी का होईना.

प्रशस्तीनंतर सुमारे पाच वर्षांनी, पुळुमावीच्या २४ व्या वर्षी, कार्ल्यात नऊ खोल्यांचा एक मंडप भिक्षुसंघाला अर्पण झाला. दात्याचे नाव हरफरण, वडिलांचे सेतफरण. ही नावे इराणी वळणाची, म्हणजे प्रशस्तीत ज्यांचा संहार झाल्याचे सांगितले त्या पह्लवांच्या बाजूची आहेत.