नाणेघाटापासून विजेच्या सायकलीपर्यंत

जुन्नरहून पश्चिमेकडे निघालो की घाटघरच्या पुढे पठार एकाएकी संपते आणि कातळातली एक अरुंद खिंड कोकणात उतरते. हाच नाणेघाट. खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांची त्यात मोजदाद आहे. भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत तो मोडतो. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांसाठी वेगवेगळी चिन्हे आहेत. गणिताच्या तासाला हा लेख अनेकदा येतो. पण ज्या वाटेवर तो कोरला, ती वाट मात्र अभ्यासाचा विषय क्वचितच होते. आज आपण तिच्याकडे पाहू.

कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल या वाटेने जुन्नरच्या बाजारपेठेत येई. गाडीला ही वाट कधीच सोयीची नव्हती. चढ तीव्र आणि पायऱ्या खडकातल्या, म्हणून येथे माणूस चाले आणि पाठीवर गोणी लादलेला बैल चाले. या वाटेचा वेग ठरवला तो चढाने आणि खुराने. पायऱ्यांचा दुसरा उपयोगही ध्यानात घ्यावा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो. उघड्या मातीच्या वाटेचा त्यात पाहता पाहता ओहोळ होतो. दगडी पायरी वाहत्या पाण्याचा वेग टप्प्याटप्प्याने मोडते, त्यामुळे माती टिकते.

मग चाक आले. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. माल चाकाच्या वाटेने वळला. नाणेघाटाचे महत्त्व ओसरले. तेथे उरले ते गावकरी, गुराखी आणि पुढच्या काळात गिर्यारोहक. वाट कोणी बंद केली नव्हती, पण तिच्यावर जगणाऱ्यांचा धंदा दुसरीकडे गेला.

दुसरा बदल कायद्याने आणला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले ही कल्पना पक्की केली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम २५ आहे. त्यानुसार राखीव जंगलातील सार्वजनिक किंवा खाजगी वाट सरकारच्या पूर्वमंजुरीने बंद करता येते. मात्र तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. म्हणजे जंगल सरकारचे झाले तरी चालणाऱ्याचा हक्क कायद्याने पूर्ण पुसला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही अभयारण्यात शिरण्यावर बंधन घालतो, पण तेथे राहण्याचा किंवा स्थावर मालमत्तेचा हक्क असणाऱ्याला आणि सार्वजनिक हमरस्त्याने पार जाणाऱ्याला वगळतो. आंबेगाव-खेडच्या माथ्यावरील भीमाशंकर १९८५ मध्ये अभयारण्य झाले. शेकरूचे हे माहेर. पण आहुप्यासारख्या गावांतील महादेव कोळी कुटुंबांना तेथल्या वाटा म्हणजे रोजची शाळा, बाजार आणि दवाखाना.

आता तिसरा बदल दाराशी आहे: विजेची सायकल. आपल्याकडील मोटार वाहन नियमांनुसार ज्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ती ठरलेल्या चाचण्या पार करून आली तर मोटार वाहन मानली जात नाही. मग जंगलातल्या वाटेवर तिला सायकल म्हणायचे की गाडी?

उत्तरासाठी थोडे गणित करू. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन ६०० मीटर वर न्यायचे, तर सुमारे ५,३०,००० ज्यूल म्हणजे जवळजवळ १५० वॅट-तास ऊर्जा लागते. सामान्य माणूस पायांनी सतत ७५ वॅट देतो असे धरले, तर घर्षण सोडून सुमारे दोन तास लागतील. मोटारीचे २०० वॅट प्रत्यक्ष चाकाला मिळाले, तर हेच काम अर्ध्या तासावर येते. म्हणजे वाटेची राखण करणारी जुनी अट, चढाचा दम, निघून जाते. ज्याला पूर्वी एक फेरी जड जाई, तो चार फेऱ्या करील. उतरताना वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती ब्रेक व टायरमार्फत ओल्या मातीवर खर्ची पडते.

बाहेर काय झाले? अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने राखलेल्या निर्जन प्रदेशांत साध्या सायकलीलाही मज्जाव आहे. तेथील गृहखात्याने २०१९ मध्ये इतर सार्वजनिक जमिनींवर, जेथे सायकल चालते तेथे विजेचीही चालावी, असा आदेश काढला. आपल्याजवळचा धडा माथेरानचा. २००३ मध्ये पर्यावरणसंवेदनशील ठरलेल्या आणि मोटारींना बंद असलेल्या या गावात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ई-रिक्षांना प्रायोगिक परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत थांबवण्यास सांगितले. माणसाने माणसाला ओढू नये, हे योग्यच. पण घोडेवाल्यांचा विरोध आणि फरशी घालण्यावरून झालेला वाद हेही सांगतात की वाहन बदलले की वाट बदलते, आणि वाटेवर जगणारी माणसेही.

म्हणून आमचे मत असे. विजेची सायकल धूर सोडत नाही एवढ्यावर तिला सरसकट मोकळीक देऊ नये; आणि तिला मोटार आहे एवढ्यावर सरसकट बंदीही नको. वाडीपर्यंत गेलेल्या गाडीवाटांवर आशाताईला, शाळेतल्या मुलीला, गुडघे दुखणाऱ्या शेतकऱ्याला ती वरदान ठरेल. कातळपायऱ्यांच्या घाटवाटा आणि पावसाळ्यातल्या मातीच्या पाऊलवाटा मात्र पायांसाठीच राहाव्यात. निर्णयात ग्रामसभेचा शब्द असावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावरस्त्यासाठी वनजमीन देताना ग्रामसभेची शिफारस आवश्यक मानलीच आहे.

शिक्षकांनी एक करून पाहावे. शाळेजवळची एक पाऊलवाट निवडा. पावसाळ्याआधी दहा ठिकाणी तिची रुंदी आणि खोली दोरी-पट्टीने मोजा, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. कोण किती वेळा जाते, कशासाठी जाते, तेही मुलांना टिपू द्या. नागनिकेच्या लेखात दानाची मोजदाद आहे. वाटेने किती सोसले, याची मोजदाद अजून कोणीतरी करायची आहे.