अनोळखी नेटवर्क कार्ड आणि युनिक्स सर्व्हर

सर्व्हरमध्ये नवे नेटवर्क कार्ड बसवावे आणि युनिक्स वा लिनक्सने त्याची दखलही घेऊ नये, हा अनुभव संगणक व्यवस्थापकांना नवा नाही. अशा वेळी कार्ड नादुरुस्त ठरवण्याची घाई होते. प्रत्यक्षात अनेकदा कार्ड सुस्थितीत असते. उणीव असते ती त्याची भाषा जाणणाऱ्या ‘ड्रायव्हर’ची.

मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे या दोन्हींवर असलेले चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे सह्याद्री शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांचे गाव. अशा ठिकाणी सर्व्हर जाळ्यापासून तुटला, तर सुट्या भागांच्या मोठ्या बाजारपेठा मुंबई-पुण्यात. वळवाच्या पावसात विजेचा दाब केबलमधून शिरून कार्ड जळू शकते आणि मिळेल ते कार्ड बसवावे लागते. म्हणूनच हाती असलेले कार्ड चालते करण्याची रीत ठाऊक असणे मोलाचे ठरते.

प्रत्येक पीसीआय कार्डावर दोन क्रमांक कोरलेले असतात: एक उत्पादकाचा, दुसरा उपकरणाचा. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे. कंपनीच्या १९७८च्या प्रसिद्ध प्रोसेसरचेही तेच नाव. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ आणि फ्रीबीएसडीवर ‘पीसीआयकॉन्फ’ ही आज्ञा हे क्रमांक दाखवते. यादीत कार्ड नसेल, तर खाचेतील बैठक व बायोसमधील नोंदी तपासाव्यात. कार्ड यादीत असेल, तर प्रश्न बहुधा ड्रायव्हरचा समजावा. खोक्यावरील नावापेक्षा हे क्रमांक अधिक विश्वसनीय. कारण एकाच नावाच्या कार्डांत उत्पादक कधी कधी चिप बदलतात.

सोलारिसमध्ये ‘ड्रायव्हर अलायसेस’ नावाच्या फाइलमध्ये क्रमांक आणि ड्रायव्हर यांची सांगड घातलेली असते. नवे कार्ड जुन्याच चिपच्या कुळातील असल्यास तेथे एका ओळीची भर पुरेशी ठरू शकते. लिनक्सवर योग्य मॉड्यूल ‘मॉडप्रोब’ आज्ञेने चढवावे लागते. काही कार्डांना त्याखेरीज फर्मवेअरही लागते. २०११च्या डेबियन ६ मध्ये मुक्त नसलेले फर्मवेअर कर्नलमधून वगळल्याने ब्रॉडकॉमच्या काही सर्व्हर कार्डांसाठी ते वेगळे बसवावे लागे. २०२३च्या डेबियन १२पासून ते प्रतिष्ठापन संचातच मिळते. फर्मवेअर सापडले नसल्यास ‘डीमेसेज’मध्ये तशी नोंद उमटते.

कधी ड्रायव्हर चढतो, तरीही संपर्क होत नाही. जुन्या लिनक्समध्ये कार्डाचे नाव त्याच्या मॅक पत्त्याशी बांधलेले असे. त्यामुळे बदललेले कार्ड ‘ईटीएच०’ऐवजी ‘ईटीएच१’ होई आणि आयपी पत्त्याची नोंद जुन्याच नावावर राही. २०१३पासून सिस्टिमडीने खाचेच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. तेथेही कार्डाची खाच बदलली की नाव बदलते.

ड्रायव्हर उतरवून घ्यायला जाळे हवे आणि जाळ्यासाठी ड्रायव्हर हवा, हा पेच पेनड्राइव्हने सुटतो. ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून आणताना तो सर्व्हरच्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीशी जुळतो ना, हे पाहावे. आधीच ओळखले जाणारे यूएसबी नेटवर्क उपकरण तात्पुरते जोडूनही काम भागते.

या ड्रायव्हरांमागे मोठे श्रम आहेत. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ साली उभ्या राहिलेल्या बेवुल्फ संगणकसमूहाचे एक शिल्पकार डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी अनेक इथरनेट ड्रायव्हर लिहिले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००३ साली कार्यान्वित केलेल्या ‘परम पद्म’ महासंगणकात आयबीएमचे ‘एआयएक्स’ हे युनिक्स होते. त्याला जोडणारे ‘पॅरामनेट-२’ जाळे मात्र सी-डॅकचे स्वतःचे. जून २००३च्या जागतिक यादीत तो १७१वा आला.

लहान कार्यालयाला असे काही घडवावे लागत नाही. सर्व्हर सुरळीत चालू असतानाच कार्डांचे क्रमांक, कर्नलची आवृत्ती आणि ड्रायव्हरची एक प्रत जपून ठेवली, तरी संकटकाळी पुष्कळ वेळ वाचतो.