आयत्या वेळचे उत्तर आणि पालि प्रश्नव्याकरण

वर्षावासातील ग्रंथवाचन संपते आणि चारठाण्यासारख्या गावात एखादा उपासक उठून अनपेक्षित प्रश्न विचारतो. वक्त्याजवळ टिपण नसते, विचारास अवधी नसतो. मज्झिमनिकायातील अभयराजकुमारसुत्तात हाच प्रसंग प्रत्यक्ष भगवंतांवर आलेला आहे.

निगण्ठ नाटपुत्तांनी राजगृहाच्या अभय राजकुमाराला दुधारी प्रश्न शिकवून पाठविले होते. तथागत इतरांस अप्रिय वाटेल असे बोलतात काय? ‘होय’ म्हणावे, तर सामान्य जनांहून वेगळेपण ते कोणते? ‘नाही’ म्हणावे, तर देवदत्ताविषयीच्या कठोर उद्गारांचे काय? भगवंतांनी एकांगी उत्तर नाकारले. अभयाच्या मांडीवर बाळ होते; त्याने तोंडात खडा घातला तर काय करशील, असे त्यांनी उलट विचारले. रक्त आले तरी काढीन, असे अभय म्हणाला. मग सत्य, हितकर आणि प्रिय अशी वचनाची फोड करून भगवंतांनी उत्तर दिले. ही उत्तरे आधी योजलेली असतात की जागीच स्फुरतात, असेही अभयाने विचारले. रथाची अंगे जाणणारा तू, त्यांविषयीची उत्तरे आधी रचून ठेवतोस काय, हा त्यावरचा प्रतिप्रश्न होता.

अंगुत्तरनिकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : सरळ उत्तराचा, विभागून उत्तर द्यावयाचा, प्रतिप्रश्नाने सोडवावयाचा आणि बाजूस ठेवावयाचा (ठपनीय). आमच्या मते उत्तराची रचना हा प्रकार ओळखण्यातच ठरते, वक्तृत्व त्यानंतरचे. ‘ठपनीय’ म्हणून अज्ञान झाकणारे वक्तेही आम्ही पाहिले आहेत. विषयांतर करणारा व चिडणारा मनुष्य चर्चेस अयोग्य, असे हाच निकाय सांगतो.

२३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली. बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन लेखी होते. उलटतपासणीतील उत्तरे मात्र तेथल्या तेथे द्यावयाची होती. अस्पृश्य हा स्वतंत्र अल्पसंख्य वर्ग मानावा, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाची मात्र त्यांनी फोड केली : प्रौढ मताधिकार मिळाल्यास राखीव जागा, न मिळाल्यास स्वतंत्र मतदारसंघ. धम्मदीक्षेस तेव्हा अठ्ठावीस वर्षे अवकाश होता. पालि वर्गीकरण त्यांच्या मनात होते, असा आमचा दावा नाही. साम्य आहे ते पद्धतीचे. एका शब्दात ‘राखीव जागा’ म्हटले असते, तर मताधिकार संकुचित ठेवूनही मागणी पुरी केल्याचे सरकारला म्हणता आले असते.